खोटे चार दिवस

पहिल्या खेपेला ओकाऱ्या थांबल्या तेव्हा मला आनंद झाला होता. दोन महिने उलटून वर दहाबारा दिवस झाले असतील. सकाळी उठले, पोटात काही ढवळलं नाही, म्हणून दोन भाकऱ्या आणि वांग्याची भाजी चापून खाल्ली आणि सासूबाईंना म्हणाले, "सुटले बाई एकदाची." तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. हे सांगलीला झालं. दिवस राहिल्याची बातमी त्याआधीच आळीभर झाली होती, आणि ती करणारीही मीच. पुढे त्याच बायका समाचाराला आल्या तेव्हा मी आतल्या खोलीतून बाहेर पडले नाही.

या एका घटनेतून मी दोन धडे घेतले. तीन महिने पुरे होईस्तोवर कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही, हा एक. आणि ओकाऱ्या होतायत तोवर बाळ आहे, हा दुसरा. पहिला सासूबाईंनीही पुढे पत्रातून बजावला होता. दुसरा धडा माझा मी शोधला होता, आणि माझ्या मते तोच जास्त पक्का होता.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. ह्यांना बंगळूरला एका सरकारी कारखान्यात इंजिनीअरची नोकरी लागली आणि आम्ही बसवनगुडीत दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. घरमालक मराठीच, पण आमच्यासारखे काल आलेले नव्हेत. त्यांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इकडचेच होऊन गेले. मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्या पन्नाशीच्या होत्या, मुली लग्न होऊन लांब गेलेल्या, यजमान सकाळी कचेरीत जात ते संध्याकाळी येत. अक्कांचं मराठी ऐकून पहिले चार दिवस मला हसू आवरायचं नाही. "ऊट झालं काय?" म्हणजे जेवण झालं का, हे कळायलाही मला दिवस लागले. पण त्या मला लेकीसारखं वागवत, आणि त्यांचं सोवळं मात्र लोखंडाचं होतं.

परसातली विहीर, धुण्याचा दगड आणि मागचा व्हरांडा दोन्ही घरांत मिळून होता. दर महिन्याचे चार दिवस मी त्या व्हरांड्यात बसायची. घोंगडी, पाण्याचा तांब्या, वेगळं ताट. त्या दिवसांत आमचा दोघांचा स्वयंपाक अक्का करायच्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी तसं ठरवून टाकलं होतं. त्यामुळे माझ्या तारखा माझ्यापेक्षा त्यांना जास्त पाठ होत्या. तारखेच्या आदल्या दिवशी त्या तांदूळच जास्त धुवायच्या.

आता सांगा, अशा बाईपासून चुकलेली पाळी लपवायची कशी?

चार दिवस वर गेले तशी त्यांनी विचारलंच, "काय गं, अजून बसली नाहीस?" मी म्हटलं, "आज दुखतंय थोडं." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घोंगडी घेऊन व्हरांड्यात जाऊन बसले. खोटं इतकं सोपं गेलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. ह्यांना सांगितलं तर हे चष्मा पुसत म्हणाले, "त्यांना सांगून टाकलंस तर काय बिघडेल?" मी म्हटलं, "मागच्या वेळी काय बिघडलं ते तुम्ही पाहिलंत ना?" त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

पण व्हरांड्यात बसल्यावर मला भीतीनं घेरलं. ज्या रक्ताला मी रात्रंदिवस भीत होते, ते आलं आहे असं मी साऱ्या घराला सांगत होते. अशुभ बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी तर नुसतं बोलत नव्हते, तसं वागूनच दाखवत होते. दर तासाला न्हाणीघरात जाऊन मी खात्री करून यायची. अक्का म्हणायच्या, "फार जातंय काय गं?" मी मान हलवायची आणि त्या मानेचाही मला राग यायचा.

पुढच्या आठवड्यापासून ओकाऱ्या सुरू झाल्या. अक्का दर बुधवारी आणि शनिवारी कॉफीच्या बिया घरी भाजायच्या. त्या वासासाठी लोक रस्त्यात थांबायचे, आणि मी तोंडात पदराचा बोळा कोंबून न्हाणीघराकडे धावायची. आत गेल्यावर आधी बादली दगडावर उपडी करायची, म्हणजे पाण्याच्या आवाजात माझा आवाज बुडे. बिछान्यातून उठायच्या आधी मूठभर चुरमुरे कोरडे चावायचे, ही युक्ती माझी मीच शोधली. उशाशी मीठ लावलेली लिंबाची फोड असे. दुपारपर्यंत पोटात पाणी ठरायचं नाही, गालांची हाडं वर आली. इतके हाल होत असूनही मनातून मी सुखात होते. ओकारी आली की वाटे, आहे, अजून आहे. एखाद्या सकाळी जरा उशिरा आली तर मी पडल्या पडल्या तिची वाट बघायची.

दुसऱ्या महिन्यातही मी ठरल्या तारखेला व्हरांड्यात बसले. तिसऱ्या महिन्यातही बसले. तीन महिने भरायला तेव्हा आठ दिवस उरले होते. पौषातली थंडी होती, सकाळी नऊपर्यंत परसातलं नारळाचं झाड धुक्यात दिसायचं नाही. बसल्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का पलीकडे फोडणी देत होत्या, आणि त्या हिंगाच्या वासानं मला उठायलाही अवधी मिळाला नाही. व्हरांड्याच्या कडेलाच मी भडाभडा ओकले. मान वर केली तर अक्का दारात उभ्या.

आता कळलं, असं मला वाटलं. एका बाजूनं बरंही वाटलं. पण माणूस जे पाहायचं ठरवतो तेच त्याला दिसतं. विटाळशी बाईला गर्भारपणाच्या ओकाऱ्या कशा होतील? अक्का म्हणाल्या, "माझ्या धाकट्या लेकीचंही असंच. अंगावरचं साफ होत नाही, म्हणून पोट उलटतं. स्वल्प थांब, औषध करून आणते."

अर्ध्या तासानं त्या वाफाळता पेला घेऊन आल्या आणि लांबूनच जमिनीवर ठेवून मागे सरकल्या. वासावरूनच मी ओळखलं. काळे तीळ, सुंठ, ओवा आणि जुना गूळ. आमच्याकडे पाळी लांबली की आई हाच काढा द्यायची, अडलेलं उतरावं म्हणून. गर्भारशीला त्याचा थेंबही देत नसत.

"गरम आहे तोवर घे," अक्का म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

मी पेला उचलला. त्या क्षणी तीन शब्द बोलले असते तर पुरे होतं, आणि ते तीन शब्द माझ्या तोंडून निघेनात. आठ दिवस राहिले आहेत, आता सांगितलं तर मागच्यासारखंच होईल, एवढंच डोक्यात घुमत होतं. नंतर ओकून टाकू, असंही मनाशी म्हटलं. मी प्याले. सगळा पेला प्याले. मूर्खपणाला पारितोषिक असतं तर त्या सकाळी ते मलाच मिळालं असतं. अक्का आत गेल्यावर न्हाणीघरात जाऊन घशात बोटं घातली. दीड महिना जी मागे लागली होती ती ओकारी नेमकी तेव्हा आली नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. सकाळी जाग आली ती कॉफीच्या वासानं. मी पडून वाट पाहिली. काही झालं नाही. चुरमुरे न खाताच उठून बसले, तरी काही झालं नाही. अक्कांच्या खिडकीखाली जाऊन छाती भरून वास घेतला. तो वास चांगला वाटला. भूक लागल्यासारखं झालं. सांगलीच्या त्या सकाळीही मला अशीच भूक लागली होती.

हे कारखान्याच्या बससाठी निघाले होते. मी त्यांचा हात धरला आणि काढ्याचं सगळं सांगितलं. "आधी अक्कांना सांग," ते म्हणाले, "त्यात काय काय घातलं होतं ते डॉक्टरांना सांगावं लागेल." त्यांनी जेवणाचा डबा खाली ठेवला आणि बस चुकवली. नोकरी लागल्यापासून तसं पहिल्यांदाच घडलं.

मी तशीच उठले आणि अक्कांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला. त्या ओलेत्यानं सोवळ्याचा भात करत होत्या. "तिथंच, तिथंच थांब," त्या ओरडल्या, "काय करतेस तू, सगळं बाटवलीस की."

"मी बाहेरची नाही," मी म्हटलं. "तीन महिने नाहीये. मला दिवस गेलेत, अक्का."

अक्कांची पळी हातातच राहिली. मग त्यांनी चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि खाली बसल्या. मला वाटलं, आता खोटेपणावरून, सोवळ्यावरून बोलतील. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरले आणि त्यांच्याकडेच बघत म्हणाल्या, "ह्या हातानं केले की गं मी. तीळ जास्तच घातले. लवकर बरी होशील म्हणून." आणि थोड्या वेळानं, "थंडीत जमिनीवर निजवले तुला."

जटक्यात बसून आम्ही बायकांच्या दवाखान्यात गेलो. घोड्याच्या प्रत्येक हिसक्याला मी पोट धरायची आणि अक्का माझा दंड धरायच्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काढ्याचं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ओकाऱ्या पुष्कळदा आपोआप थांबतात. गर्भाशय वाढलेलं लागतंय. पण पुढचं मी आज सांगू शकत नाही. रक्त दिसलं तर लगेच या. नाही दिसलं तर वाट पाहा."

वाट पाहा, हे सांगणाऱ्याला काय जातं. ओकारी परत आलीच नाही. मी हिंग हुंगला, करपलेलं तेल हुंगलं, एकदा तर उंदीर मेलेल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. नुसती किळस आली. तिसरा दिवस गेला, आठवा गेला, तीन महिने भरले. आता सगळ्यांना सांगायला मोकळीक होती, आणि सांगावंसं कुणालाच वाटत नव्हतं. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी हात खाली नेऊन पाहायची. कोरडा असला की दिवस सुरू व्हायचा.

अक्कांकडून त्या दिवसापासून शिजवलेला पदार्थ आला नाही. पूर्वी रोज सार, नाहीतर कोसंबरी, काही ना काही वाटीतून यायचं. आता तांदूळ यायचे, ओल्या नारळाची कवड यायची, निवडलेली भाजी यायची, सगळं कच्चं. माझ्याशी त्या कामापुरतं बोलत. मंगळवारी बनशंकरीच्या देवळात जाऊन लिंबाच्या सालीत दिवे लावून येत आणि कुंकवाची पुडी माझ्या खिडकीत ठेवून जात. आत येत नसत. मला वाटायचं, रागावल्यात, आणि त्याचा मला रागही यायचा. चूक केली होती मान्य, पण मूल माझं होतं, जीव माझा टांगणीला लागला होता, आणि ह्या बाई रुसून बसल्या होत्या.

पाचव्या महिन्यात एका दुपारी तांदूळ निवडताना पोटात आतून काहीतरी सरकलं. मी सूप खाली ठेवलं. परत सरकलं. ह्यांना संध्याकाळी सांगितलं तेव्हा ते मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले. अक्कांना सांगितलं तर त्या "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या. पण कच्चं यायचं ते तसंच चालू राहिलं. भीती माझीही गेली नव्हती, तिनं फक्त जागा बदलली होती. काढ्यानं मूल गेलं नाही, पण त्याला काही करून तर ठेवलं नसेल? हे मी ह्यांनाही कधी बोलून दाखवलं नाही.

मुलगी झाली. आईचं येणं चार दिवस लांबलं होतं, म्हणून दवाखान्यात अक्काच होत्या. नर्सनं बाळ माझ्याजवळ आणून ठेवलं तसं त्यांनी ते उचललं, खाटेच्या कडेला ठेवून दुपटं पुरतं उलगडलं आणि बोट बोट मोजलं. हातांची मोजली, पायांची मोजली. टाळू पाहिली, कानामागे पाहिलं, पालथी करून पाठीचा कणा वरपासून खालपर्यंत चाचपला. मुलगी रडून लाल झाली तरी त्यांचं चालूच होतं. सगळं पाहून झाल्यावर त्यांनी तिला परत गुंडाळलं आणि छातीशी धरलं.

"तुझ्या आईला भीती होती, म्हणून ती खोटं बोलली," त्या माझ्याकडे न बघता तिला म्हणाल्या. "सरी. पण सहा महिने मी कशी झोपले, ते मला कुणी विचारलं नाही."

एका भिंतीपलीकडे राहून मी विचारलं नव्हतं, हे खरं होतं. मी हात पुढे केला, पण त्यांनी बाळ इतक्यात दिलं नाही.