मे महिन्यातली ओल

माझी मुलगी जंगलाचा श्वास मोजते. हे वाक्य तिला पसंत नाही. तिच्या मते तो मथळा झाला. झाडं आणि जमीन हवेतून कार्बन डायऑक्साइड किती घेतात, किती परत सोडतात आणि त्याबरोबर किती पाणी वाफ होऊन वर जातं, एवढंच आपण मोजतो, असं ती सांगते. मी तीस वर्षं नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक होते. मथळे सुचायचे थांबत नाहीत.

तिचा मनोरा पेठ तालुक्यात, सावळघाटाच्या पलीकडे, साग आणि ऐनाच्या जंगलाला लागून आहे. पोलादी, शिडीसारखा. वरची यंत्रं झाडांच्या शेंड्यावरून जाणारी हवा मोजतात. पायथ्याशी जमिनीवर एक झाकणाचं भांडं पालथं बसवलेलं आहे. ते ठरावीक वेळाने मिटतं आणि मातीतून किती वायू बाहेर आला ते नोंदवतं. शेजारी ओल मोजणारी एक सळई रोवलेली आहे. पीएचडीसाठी तिला सलग तीन उन्हाळ्यांची नोंद हवी होती. हा तिसरा होता. तो वाया गेला तर पुढचा उन्हाळा येईपर्यंत थांबायचं, आणि तोपर्यंत तिची शिष्यवृत्ती संपत होती.

निवृत्तीनंतर गाडी चालवण्याचं काम माझ्याकडे आलं. दर दुसऱ्या शनिवारी आम्ही जायचो. मनोऱ्याची जागा जवळच्या पाड्यावरच्या एका आजीच्या कुटुंबाची. आजी प्रत्येक वेळी यायची, सावलीत उकिडवी बसायची आणि विचारायची, "आज किती?" मुलगी पडद्यावरचा आकडा वाचून दाखवायची. पावसाळ्यात आकडा मोठा असायचा, तेव्हा आजी मान डोलवायची. नात परीक्षेतले गुण सांगते आहे अशा थाटात.

मे महिन्यात खालच्या भांड्याने विचित्र नोंदी द्यायला सुरुवात केली. पावसाचा थेंब नव्हता, ढगही नव्हते. माती भाजून निघालेली. अशा मातीतून फारसं काही बाहेर येत नाही. तरी काही दिवशी भल्या सकाळी आकडा एकदम उसळायचा आणि दुपारपर्यंत खाली यायचा. सळईही त्याच वेळी ओल दाखवत होती. वरची यंत्रं मात्र गप्प होती.

मुलीने बरेच दिवस विचार केला. काही झाडं रात्री खोलवरचं पाणी मुळांनी वर खेचून कोरड्या मातीत सोडतात, हे तिने वाचलेलं होतं. इथे तेच घडत असेल तर ती मोठी गोष्ट होती. तिने तिच्या सरांना कळवलं. सर खूश झाले. घरी ती पंख्याखाली बसून आलेख पुन्हा पुन्हा उघडायची. एवढी आनंदात मी तिला बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

"दुजोरा कोणाचा घेतलास?" मी विचारलं.

"झाडांचा कसा घेणार, आई?"

"सकाळी तिथे जाऊन."

म्हणून एका शनिवारी आम्ही अंधारातच निघालो आणि उजाडताना पोचलो. मनोऱ्याच्या पायथ्याशी आजी वाकून उभी होती. एक हंडा बाजूला ठेवलेला. दुसरा तिने कंबरेवर कलता धरला होता आणि भांड्याभोवतीच्या मातीवर हळूहळू पाणी ओतत होती.

मुलगी जागीच थांबली.

"आजी, काय करतेस?"

"पानी पाजते. दिसत नाय?"

"कोणाला?"

"तुझ्या खांबाला. नाय तर कोनाला, डोंगराला?"

पाड्याची विहीर खाली ओहोळात आहे. मे महिन्यात तिच्यात झरा एवढा बारीक असतो की बायका नंबर लावून वाटीने हंडा भरतात. चढ संपेपर्यंत दोनदा टेकावं लागतं. हे मला माहीत होतं. कामावर असताना अशा विहिरींच्या बातम्या दर उन्हाळ्यात माझ्या टेबलावरून गेल्या होत्या.

मुलगी एका दगडावर बसली. मग मीच विचारलं, "पण का गं आजी?"

"तूच तर बोललीस." पाड्यावर अहो-जाहोची पद्धत नाही. "जमीन तहानली का आकडा पडतो, बोललीस. आन् आकडा पडला का पोरीच्या घशाखाली घास उतरत नाय. माझी नात हाय ना आश्रमशाळंत. आकडा पडला का सायेब नापास करतात, मला काय कळत नाय?"

मी बोलले होते. एप्रिलमध्ये, मुलगी शिडीवर असताना, गमतीने. चुकीच्या बातमीचा उगम शोधत शोधत आपल्याच टेबलापाशी यावं, तसं झालं.

"वाढला ना पन आकडा?" आजीने मुलीला विचारलं.

"वाढला."

"मंग!"

मुलीने उठून तिच्या हातातला हंडा घेतला आणि खाली ठेवला. "आजी, आकडा वाढवणं माझं काम नाही गं. जेवढा असेल तेवढा लिहायचा, एवढंच काम. उन्हाळ्यात तो कमीच असतो. कमी लिहिला म्हणून मला कोणी नापास करत नाही. खोटा लिहिला तर करतील."

आजीने मनोऱ्याकडे वर पाहिलं. "मंग आधी नाय सांगायचं? कंबर मोडली माझी."

तेवढ्यात तिची सून डोक्यावर हंडा घेऊन चढून आली. तिने सगळं ऐकलं होतं. "मी बोलत व्हते. म्हातारी ऐकंल तर ना! घरात भांडी राखंनं घासायची, आन् खांबाला हंडा!"

"तू गप. तू बी वतलंस दोन येळा."

"तूच धाडलं व्हतंस ना? हळदीला गेलीस तवा?"

मुलीने मान वर केली. कोणत्या दिवशी पाणी पडलं हे कळलं तर तेवढे दिवस वगळता येणार होते आणि बाकीचा उन्हाळा वाचणार होता. न कळता सगळाच संशयात जात होता. मी पिशवीतून वही काढली. हे काम मला येत होतं.

आजीकडे तारखा नव्हत्या, पण दिवस सगळे होते. करंजाळीचा बाजार होता तो दिवस. नात सुट्टीला आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. शेळी व्याली तेव्हा नाही, कारण पाणी शेळीला गेलं. सून मधेमधे दुरुस्त्या करत होती आणि आजी त्या तिला शिव्या घालत मान्य करत होती. मुलगी लॅपटॉपवर एकेक उसळी शोधत होती. एक सोडून सगळ्या जुळल्या. उरली ती सगळ्यांत उंच उसळी. तिच्यावर सरांनी खास लक्ष ठेवायला सांगितलं होतं.

"त्या दिशी पानी नव्हतंच," सून म्हणाली.

आजी आठवत बसली. मग हसली. "पानी नव्हतं. पावने आल्ते. तांदूळ धुतल्यालं वतलं."

मुलगी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हा वायू सोडणाऱ्या मातीतल्या जिवाणूंना त्या दिवशी पेज मिळाली होती.

परत येताना घाटमाथ्यावर रेंज आली, तेव्हा तिने गाडी थांबवायला लावून सरांना पत्र लिहिलं. मुळांचा शोध मागे घेतला. मी सुचवलं, "बाहेरून पाणी पडल्यामुळे" एवढं पुरे. तिने ऐकलं नाही. "जमिनीच्या मालकीणबाईंनी विहिरीवरून आणून माझ्यासाठी ओतलं," असं लिहिलं, खाली दिवसांची यादी दिली. तांदळाचं पाणीही त्यात होतं.

"आई, माझ्या जेवणाचं तिला कशाला सांगितलंस?"

"तू जेवत नव्हतीस म्हणून."

सरांचं उत्तर सोमवारी आलं. ओल्या दिवसांच्या नोंदी गाळायच्या, माती पुन्हा पूर्ण सुकेपर्यंतचे दिवसही गाळायचे. उरलेला उन्हाळा धरायचा. पाणी कोणी ओतलं ती ओळ प्रबंधात तळटीप म्हणून आहे तशीच ठेवायची.

पुढच्या खेपेला आम्ही नेहमीच्या वेळी पोचलो. मनोऱ्याभोवती करवंदीच्या फांद्यांचं काटेरी कुंपण घातलेलं होतं. आजी डोक्यावर एकावर एक दोन हंडे घेऊन विहिरीवरून येत होती. पायवाट मनोऱ्याला घासून जाते. तिने ती सोडली आणि खडकावरून लांबचा वळसा घेतला. वरच्या हंड्यातून थेंबही इकडे उडू नये म्हणून एक हात उंच करून तिने त्याच्या तोंडावर धरला होता. आम्हाला पाहूनही तिने तो काढला नाही.