मीटरकाकांची न उठलेली लहर

मीटरकाकांच्या खिशात पेन नसायचं, मल्टीमीटर असायचा. गल्लीत कुणाची इस्त्री रुसली की काका न बोलावता हजर. इस्त्री सुधारायची, नाही असं नाही. पण काकांचं व्याख्यान ऐकता ऐकता इस्त्रीच्या आधी मालक तापायचा.

तांत्रिक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभी हयात काढली. वेगानं धावणाऱ्या लहरीची उंची आवाजाच्या संथ लहरीनं कमीजास्त करायची, की रेडिओला लागतो तसला ए.एम. सिग्नल तयार. काका तो टेबलावर तारा जोडून काढत. लहरी दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर फुगे एकामागून एक फुगायला-आवळायला लागले की असे ऐटीत उभे राहत, जणू रेडिओचा शोध यांच्याच घरी लागला.

मग नवे विभागप्रमुख आले. नवे कसले, काकांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी टेबलं हलवून संगणक मांडले.

"सर, शुक्रवारी ए.एम. सिग्नल या सॉफ्टवेअरमध्ये काढून दाखवा. जमलं तर प्रयोगशाळा तुमचीच. नाहीतर भांडारात जागा रिकामी आहे."

भांडार म्हणजे मोडक्या स्टुलांचा वृद्धाश्रम. काकांची झोप उडाली.

"अहो, लेकीला फोन करा," काकू म्हणाल्या. "ती दिवसभर तेच तर करते."

"रेझिस्टरचे रंग मी शिकवले तिला. आता तिच्याकडे शिकवणी लावू?"

"लावा की. बापाकडून फी नाही घेणार ती."

काकांनी फोन केला नाही.

सॉफ्टवेअरमध्ये ए.एम.चा आयता सोर्स होता. चार आकडे भरा, सिग्नल हजर. काकांना ती शुद्ध कॉपी वाटली. शुक्रवारी प्रमुखांच्या देखत त्यांनी लहर उठवणारा स्वतःचा ऑसिलेटर रेखाटला, ट्रान्झिस्टरसकट, टेबलावर जोडत तसाच. बटण दाबलं.

पडद्यावर सरळ रेघ.

काकांनी एकेक जोडणी तपासली. सगळं बरोबर. पुन्हा दाबलं. पुन्हा रेघ. हात सवयीनं खिशाकडे गेला, पण चित्रातल्या तारेला मीटर कुठे लावणार?

प्रमुख बराच वेळ हाताची घडी घालून उभे होते. मग वाकले.

"सर, खऱ्या सर्किटमध्ये विजेची बारीक कुरबुर असते. तिच्यावरच ऑसिलेटर जागा होतो. इथं सगळं निर्मळ. पहिला धक्का आपणच द्यायचा." त्यांनी एक आकडा भरला. रेघ थरथरली, फुगे फुगले. दिसायला सुरेख होते.

"हे तुला आधीच कळलं होतं?"

"तुम्ही काढायला घेतलंत तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही कधी बोललात, सर? चुकीची जोडणी दिसली तरी गप्प बसायचात. माझा ट्रान्झिस्टर जळू दिलात, आणि मग सगळ्या वर्गाला बोलावून दाखवलात."

हे त्यांनी अगदी हळू, आदरानं सांगितलं. भांडाराची किल्लीही तशीच दोन्ही हातांनी दिली.

घरी काकूंनी विचारलं, "जमलं?"

"सिग्नल आला की. माझ्याच ऑसिलेटरचा," काका म्हणाले. ते खोटं नव्हतं.

काकूंनी तेवढ्यावर लेकीला फोन लावून बढाई मारली आणि फोन काकांच्या हातात दिला.

"बाबा, खरंच? ऑसिलेटर सुरू कसा केलात? तिथं भलेभले अडतात. मीसुद्धा अडले होते."

काकांनी फोन कानापासून दूर धरला, मग काकूंकडे दिला.

"तूच बोल. मला नीट ऐकू येत नाही."