सकाळी आठचा फोन

अर्लिस ट्वेटला आमच्या काउंटीत सगळे ओळखत, पण ते आवाजावरून. बावीस वर्षं ती रोज सकाळी आठ वाजता कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलाशी बसायची आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना एकामागून एक फोन लावायची. जिवंत आहात ना, एवढंच विचारायचं काम. पण तसं कोण विचारतं? ती विचारायची, "काय, कॉफी झाली का?"

बाई अंगाने आडवी, तोंडाने फटकळ. आधी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. नवरा गेला आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने हे काम धरलं. पलीकडच्या माणसाच्या श्वासावरून तिला सगळं कळायचं. फोन ठेवून मला म्हणायची, "लाइल, एल्वेरा आज बसूनच बोलत होती. गुडघा गेलाय तिचा. दुपारी काहीतरी शिजवून घेऊन जाते." मात्र कळलेलं कधी लिहायची नाही. वहीत नावापुढे फक्त बरोबरची खूण. मी नियमाचा माणूस, मला त्या वहीचा राग यायचा. आज वाटतं, ती लिहीत नव्हती म्हणूनच लोक तिच्याशी खरं बोलत होते.

ती सत्तरीची झाली तेव्हा काउंटीने फोन करणारी यंत्रणा घेतली. म्हातारी माणसं बुजू नयेत म्हणून आवाज अर्लिसचाच ठेवायचं ठरलं. यंत्राला आवाज द्यायला दोन दिवस तिने बंद खोलीत पानंच्या पानं वाचली. तिसऱ्या दिवशी आम्ही तिच्या निरोपाचा केक कापला. "म्हणजे मेल्यावरही सुट्टी नाही म्हणा की मला," ती म्हणाली आणि सगळे हसलो.

खोटं कशाला बोलू, यंत्र हुशार होतं. पहिल्याच महिन्यात त्याने एकाचा पक्षाघात नुसत्या बोलण्यावरून ओळखला, माणूस वाचला. पण ते सगळंच टिपायचं. खोकला, दम, उत्तर द्यायला लागलेला वेळ. माझ्या पडद्यावर नावं हिरवी किंवा पिवळी दिसायची. महिन्यात दोनदा पिवळं झालं की काउंटीची समिती घरी जायची, आणि समिती घरी गेली की माणूस वृद्धाश्रमात जायचा. एल्वेरा दोनदा खोकली आणि ऑक्टोबरात तिथे गेली. नाताळात मी तिला भेटायला गेलो, तिने मला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग काय, भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झाली. पावणेआठपासून घरोघरी म्हातारी माणसं कोमट पाण्याने घसा साफ करत बसायची. ऑरिन लुंड त्यांतलाच. वय शहाऐंशी, गावापासून बारा मैलांवर शेतातल्या घरात एकटा. त्याची एकच इच्छा होती, मरायचं ते या घरात. त्या जानेवारीत तो एकदा पिवळा झाला आणि घाबरून त्याने अर्लिसला तिच्या घरी फोन केला. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

"पोरी, तुझा फोन आला की मला घाम फुटतो."

"तो माझा फोन नाही, ऑरिन."

"आवाज तुझा आहे ना? मग शिव्याही तुलाच."

हे तिला लागलं. दुसऱ्याच दिवशी ती त्याच्याकडे गेली. आमच्या चर्चमधल्या बायकांनी आपापल्या फोनवर एक सोय घेतली होती. फोनला अर्धा तास वाचून दाखवायचं, मग विक्रेत्यांचे फोन आले की आपला फोनच आपल्या आवाजात त्यांना वाटेला लावतो. अर्लिसने तीच सोय ऑरिनच्या फोनवर लावून दिली, पलीकडून तिचा आवाज आला की फोननेच उत्तर द्यायचं. फोन स्वयंपाकघरात चार्जरला कायमचा जोडलेला, आवाज मोठा. तो मोठा ठेवायला ऑरिननेच सांगितलं. "मी किती ठणठणीत आहे ते मलाही ऐकू दे की!"

तेव्हापासून रोज आठ वाजता अर्लिसचा आवाज विचारायचा आणि ऑरिनचा आवाज उत्तर द्यायचा. ऑरिन बाजूला बसून टोस्ट खात ऐकायचा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अर्लिस स्वतः गाडी काढून जायची. "यंत्राला यंत्राशी बोलू दे," ती म्हणायची, "आपण कॉफी पिऊ."

फेब्रुवारीत अर्लिसला न्यूमोनिया झाला आणि ती अकरा दिवस इस्पितळात पडून होती. या भानगडीबद्दल तिने कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे ऑरिनकडे कुणी गेलं नाही. रविवारी तिने त्याला फोन केला. "मी बरा आहे पोरी," तो म्हणाला. "कॉफी ठेवलीय. तू स्वतःला जप." तिला हायसं वाटलं आणि त्या रात्री ती शांत झोपली.

बुधवारी ती घरी आली. गुरुवारी सकाळी साडेसातला माझ्या दारात उभी, ओठ निळे पडलेले. "लाइल, तुझा ट्रक काढ. अकरा दिवस ऑरिनकडे कुणी फिरकलेलं नाही." वाटेत तिने मला सगळं सांगितलं. मी चिडलो, बोललोही बरंच काही. तिने ऐकून घेतलं.

ऑरिनच्या अंगणात गुडघाभर बर्फ आणि त्यावर एकही पाऊल नाही. तो दार कधी लावायचा नाही. आम्ही आत गेलो. टेबल आणि चूल यांच्या मधे तो पडला होता, आणि तो आज पडलेला नव्हता, हे मलाही कळलं. शेरीफच्या माणसाने नंतर सांगितलं, गेल्या गुरुवारीच गेला असावा.

तेवढ्यात आठ वाजले आणि ओट्यावरचा फोन वाजला.

"काय ऑरिन, कॉफी झाली का?" अर्लिसचा आवाज.

"झाली की! झोपही झकास लागली."

"बाहेर पडू नका हं, थंडी फार आहे."

"मी कुठे जातोय आता?"

दोघं हसले. फोन बंद झाला. अर्लिस खुर्चीची पाठ धरून उभी होती.

"रविवारी मी बोलले त्याच्याशी," ती म्हणाली. "मला कळलं नाही, लाइल. मला!"

मी शेरीफला फोन लावून सगळं सांगितलं. फोन खाली ठेवतो तोच तिने माझं मनगट धरलं.

"ऑरिन एकटा नाही. आणखी सहा जणांना लावून दिलंय मी."

ती सहाही नावं महिनाभर माझ्या पडद्यावर हिरवीगार होती. आमची म्हातारी माणसं सुधारली म्हणून मी बैठकीत शाबासकीही घेतली होती.

सगळ्यांत जवळचं घर मायर्टलचं, यंत्राच्या यादीत तिची वेळ साडेआठची. वीस मिनिटांत पोचलो. धुराड्यातून धूर दिसेना. दाराला आतून कडी होती. मी दार वाजवलं, आणि आतून मायर्टलचं हसू ऐकू आलं, मोकळं, खणखणीत. माझा जीव भांड्यात पडला असता, पण मी अर्लिसकडे पाहिलं.

ती दारावर मुठी मारत होती. "मायर्टल! मी आलेय गं. खरी मी. दार उघड!"

आत मायर्टलचा आवाज फोनमधल्या अर्लिसला सांगत होता की आता पाय अजिबात दुखत नाहीत.