काळ्या पिशव्या

ढाणकीजवळच्या एका शाळेत आमच्या कंपनीचं वृक्षारोपण होतं. फोटोच्या घाईत आम्ही रोपं काळ्या पिशवीसकट खड्ड्यात ठेवत सुटलो. शाळेत खिचडी शिजवणारी बाई आमच्या मागून येत होती. उकिडवी बसून ती प्रत्येक रोप वर काढायची, विळ्यानं पिशवी फाडायची आणि पुन्हा लावून माती दाबायची.

मी ओशाळलो. ती हसली. "राहू द्या भाऊ. तुमचं झाड मी जगवतो. पाह्याले मात्र या."

कंपनीच्या पेजवर माझा हसरा फोटो अजून आहे. मागे तिची वाकलेली पाठ तेवढी दिसते.

दरवर्षी नवं गाव असतं, ढाणकी पुन्हा आलीच नाही. मीही गेलो नाही. आता रोप लावताना मी आधी पिशवी फाडतो आणि उगाच मागे वळून बघतो.