बिनबायकोचा टॅक्स

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. लेकीजवळ नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही. तुम्हाला लिहून सांगतो, कारण तुम्ही ओळखीचे नाही — ओळखीच्या माणसाचा मला कधी भरवसाच वाटला नाही.

मुंबईला बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात मी फिटर होतो. शिक्षण चौथी. माझी बायको अनुसया गावाला, बोर्ली पंचतनच्या अलीकडे, शेत बघायची. मी गणपतीला आणि शिमग्याला यायचो. पगार किती, ते तिला मी कधी खरं सांगितलं नाही. का? तिचा भाऊ. बोर्लीच्या बाजारात त्याचं चहाचं दुकान, कधी चालायचं, कधी नाही. हिला आकडा कळला की तो दुसऱ्या दिवशी दारात उभा — असं मी डोक्यात घेतलं होतं. त्यानं मागितलं होतं का कधी? नाही. पण मागेल, असं वाटायचं.

ओव्हरटाइम वाढला तसा पगारातून इन्कम टॅक्स कापायची पाळी आली. लग्न झालेल्याचा कमी कापायचे, सड्या माणसाचा जास्त. पगाराच्या कारकुनानं कागद पुढे ओढला आणि बायकोचं नाव विचारलं. तो कारकून बोर्लीचा! गावी गेला की त्याच दुकानात चहा पीत असणार, नाही का? आज नाव लिहिलं की उद्या माझा पगार तिकडे पोचला.

"लगीन न्हाय झालं माझं," मी म्हणालो.

"अरे, फुकट जास्ती कापला जाईल."

"कापा."

सरकारला गेले तरी चालतील, मेव्हण्याला नकोत — असला मी. वर्षामागून वर्षं बिनबायकोचा टॅक्स भरला आणि स्वतःला हुशार समजलो.

एवढंच असतं तर सांगायला बसलो नसतो.

अनुसयेच्या अंगावरून जायला लागलं. थांबेना. भावानं दुकानाला कुलूप लावलं आणि तिला लाँचनं माझ्याकडे आणली. धक्क्यावर उतरल्या उतरल्या म्हणाला, "भावोजी, तुमच्या कारखान्याचा दवाखाना लय मोठा हाय म्हणतात. तिथं दाखवूया."

होता दवाखाना. कामगारांच्या बायकांनाही घ्यायचे. पण चिठ्ठी तोच कारकून द्यायचा, त्याच कागदावर नाव बघून. आता नाव घालायचं तर खोटं लिहून दिलं हे कबूल करायला हवं. नोकरी गेली तर? आणि मेव्हण्यादेखत सगळं उघडं पडलं तर? त्या वेळी मला हीच काळजी. तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब राहिला नव्हता, आणि मला ही काळजी.

मी म्हणालो — आता लिहितोच — मी म्हणालो, "तिथं बायकांना घेत न्हायत."

अनुसया गाठोड्यावर बसली होती. "मग शेजारच्या सुंद्रीला कशी घेतली?"

"तिचा नवरा मुकादम हाय. मुकादमांच्याच बायकांना घेतात."

मोठ्या सरकारी दवाखान्यालाही मी नको म्हणालो. तिथंही नाव, काम, कारखाना विचारणार. गावाला वैद्य आहे, तो बघेल, म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग भावाला म्हणाली, "चल दादा, परतीची लाँच मिळंल."

तिला कळलं होतं का? जन्मभर मी दुसऱ्यांवर संशय घेतला, आणि हा एक मला रोज खातो.

भात कापायच्या आधी ती गेली. तेराव्याला मेव्हणा पंगतीत वाढत होता आणि येईल त्याला सांगत होता, भावोजींनी काही करायचं बाकी ठेवलं न्हाय. मी मान खाली घालून जेवलो.

डॉक्टरनं तिला वाचवली असती का, ते मला ठाऊक नाही. धक्क्यावरून दवाखान्याची कौलं दिसत होती. मी तिला नेली नाही.