मामांची मरणाची बुकं

मरणाकडे बघून आमच्या मामांइतका मनापासून हसलेला माणूस उभ्या मावळात दुसरा झाला नसावा. मामा म्हणजे आत्याचे यजमान. लोणावळ्याच्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले होते, राहायला जवळच्या भाजे गावात. अक्षरओळख नव्हती, पण एखादा साहेब विलायतेला निघाला आणि त्याच्या बंगल्यात लिलाव पुकारला, की हे रजा टाकून हजर. लोक कपबशांवर नि खुर्च्यांवर तुटून पडत. मामा कोपऱ्यातली कसर लागलेली, आज्या-पणज्यांच्या काळातली बुकं उपसत बसत. त्यांना एकच प्रकार हवा असे : हाडांचा सापळा माणसांना न्यायला येतो, अशी थट्टेची चित्रं. कुठं सापळा राजाचा मुकुट स्वतःच्या कवटीवर घालून बघतोय, कुठं वैद्याचीच नाडी धरून बसलाय. "ह्यो बघ, आमच्या टेसनमास्तरावानी पळतुया!" म्हणत मामा मांडी थोपटत. अशी नऊ बुकं त्यांनी जमवली, पानोपानी वेखंडाची पूड घातली. आत्याचा मात्र हुकूम होता, "मढ्याची बुकं घरात नगंत." म्हणून ती गोठ्याच्या माळ्यावर, बैलांच्या डोक्यावर असत. मी पुण्याला कॉलेजात जाऊ लागलो, तेव्हा चित्राखालचं वाचायला त्यांनी मला बसवलं. एका बुकातली भाषा इंग्रजी नव्हतीच. बहुधा फ्रेंच असावी. हे सांगताना मी फार ओशाळलो. "मंग कालिजात काय घोडी राखतुस?" मामा म्हणाले.

एका हिवाळ्यात आत्यानं तापानं अंथरूण धरलं. बघायला आलेली शेजारची म्हातारी म्हणाली, "गोठ्यात मरान पाळलंया, मंग दुसरं काय व्हनार?" एरवी मामा हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. सकाळी उठून नऊच्या नऊ बुकं पोत्यात भरून इंद्रायणीकडे निघाले. मी सुटीत आलो होतो, आत्याजवळ बसलो होतो. ते कुठं गेले हे तिला सांगितलं, तशी ती कोपरावर उठली. "पळ. परत आन त्यास्नी."

"पण आत्या, तुलाच तर ती नको होती ना?"

"नगंच व्हती. पर मी गेल्यावर ह्यो मानूस हसंल कशाला?"

मी धावलो. मामा गुडघाभर पाण्यात पोतं कवटाळून उभे होते, टाकायचं धैर्य होत नव्हतं. मी म्हटलं, "मामा, आत्यानं बोलावलंय. बुकांसकट."

"तिनं सोता सांगितलं?"

"व्हय."

त्या दुपारी बुकं पहिल्यांदा घरात आली, थेट आत्याच्या वाकळेवर. तिनं बराच वेळ सापळ्याकडे बघितलं. "लय वाळलाय बिचारा. जेवाया कुनी घालीत न्हाई जनू." मामा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पुढे पंधरा दिवसांत आत्या गेली.

त्यानंतरही सुटीच्या दिवशी मामा बुकं उघडत, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत, राजाला नि वैद्याला हसत. पण एका बुकात सापळा चुलीपुढच्या बाईचा हात धरून तिला उठवतो, असं एक चित्र आहे. तिथं आलं की मामा दोन पानं एकदम उलटत. मला ते दिसे.