मात्राबाईंची पट्टी

छापखान्यात त्यांना सगळे मात्राबाई म्हणायचे. हे नाव मशीनवाल्यानं ठेवलेलं. एका दुकानाची जाहिरात छापायला घेतली होती, कागद चढवून झाले होते, आणि बाई जिन्यावरून ओरडत खाली आल्या, "थांबवा! एक मात्रा पडलीय!" मशीन थांबलं. बघतात तर 'शेवटची संधी'च्या जागी 'शवटची संधी' असं ठसठशीत अक्षरात. मालकांनी घाम पुसला, मशीनवाला पोट धरून हसला, आणि त्या दिवसापासून बाईंचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत उरलं.

त्यांचं काम मुद्रितं तपासण्याचं. बावीस वर्षं त्या माळ्यावरच्या खोलीत बसत होत्या. एक टेबल, एक उंच खिडकी, चार लाल पेनं आणि वाळू भरलेली एक जुनी दौत, कागद उडू नये म्हणून. खाली मशीन सुरू झालं की फरशी थरथरायची आणि ती थरथर तळपायातून वर चढायची. पहिल्या वर्षी डोकं उठायचं. नंतर मशीन बंद पडलं की मगच त्यांना काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी मालकांनी एक जाडजूड बाड त्यांच्यापुढे आणून टाकलं. "गाण्याचं पुस्तक आहे. गाणी नाहीत हं त्यात, नुसतं शास्त्र. एका म्हाताऱ्या मास्तरांनी लिहिलंय. अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तुमच्याशिवाय कोणाला झेपायचं नाही."

बाईंनी पहिलं पान उचललं. 'कानाला ऐकू येतो तो ध्वनी. ठरावीक कंपनांनी टिकून राहणारा आणि गोड वाटणारा ध्वनी म्हणजे नाद.' पुढची ओळ वाचायची त्यांना गरजच पडली नाही. ती त्यांना पाठ होती. त्यांनी डोळे मिटले आणि पुटपुटल्या, 'गाण्यात उपयोगी पडणाऱ्या नादाला स्वर म्हणतात.' डोळे उघडले. कागदावर जवळजवळ तसंच होतं.

हे पाठांतर पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं. घरात दोन मुली, ताई आणि ही. आई अंथरुणाला खिळलेली. वडील म्हणाले, "गाणं शिकायला एकीनं जा, एकीनं आईपाशी थांबा." ताई थोरली, म्हणून ताई गेली. त्यावरून भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. घरात गोष्टी अशाच ठरत. धाकटीच्या वाट्याला आलं ते ताईला आणायला जाणं. ती पाव तास लवकर जायची आणि गाण्याच्या बाईंच्या जिन्यावर बसून राहायची. दाराआडून पेटीचा आवाज यायचा, त्यावर सात-आठ मुलींचा एकत्र आवाज. त्यातला ताईचा कुठला ते तिला कधी ओळखता आलं नाही.

आणि परीक्षा आली की ताईची वही तिच्या हातात यायची. "विचार गं मला व्याख्या." मग ती विचारायची. सप्तक म्हणजे काय? लय म्हणजे काय? सम कशाला म्हणतात? ताई अडखळायची आणि ही सांगायची. ताई पहिल्या वर्गात पास झाली. व्याख्या धाकटीच्या डोक्यात राहिल्या, आवाजावाचून, बी नसलेल्या टरफलांसारख्या.

बाई पुस्तकात बुडाल्या. एरवी दिवसाला तीस पानं व्हायची, इथे दहासुद्धा होईनात. 'मात्रा : ताल मोजण्याचं एकक' हे वाचून त्यांना हसू फुटलं. मशीनवाल्याला जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे ती पण पडते का?" बाई म्हणाल्या, "गाणाऱ्याची पडत असेल. आणि ती पकडायला लाल पेन चालत नाही."

साठाव्या पानावर एक तक्ता होता. गाणारा कुठल्या पट्टीत गातो, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या सुराला सा धरतो, त्यावरून बाकीचे सूर कुठे येतात ते त्यात दिलेलं. पेटीवर एका सप्तकात काळी-पांढरी मिळून बारा घरं, नावं रंगावरून आणि क्रमांकावरून, म्हणून बारा ओळी. बाईंना त्यातलं वाजवता एकही येत नव्हतं, पण मोजता येत होतं. त्यांनी बोटं धरून मोजलं. प्रत्येक ओळीत सा पासून ग चार घरं पुढे. फक्त 'काळी दोन'च्या ओळीत सहा. तिथे 'पांढरी सहा' लिहिलं होतं, हवं होतं 'पांढरी पाच'. त्यांनी तीनदा मोजलं. मग मालकांना विचारून, बाड पिशवीत घालून त्या मास्तरांकडे गेल्या.

मास्तर दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेले, उंच, काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी तक्ता नाकाजवळ धरला, पेटीपाशी गेले, सूर दाबून पाहिले आणि जीभ चावली. "चाळीस वर्षं शिकवतोय हा तक्ता! पोरांनी चुकीचा उतरवला आणि कोणी बोललं नाही. तुमच्या कानाला कसं लागलं हो?"

"कानाला नाही लागलं. मोजलं मी."

"मोजलं? तुम्ही गात नाही?"

"नाही."

"मग वाजवता?"

"नाही. मला फक्त शब्द येतात."

मास्तरांनी चष्मा काढला. मग त्यांनी वर्गात विचारतात तसं विचारलं, "सप्तक म्हणजे?" बाईंनी सांगितलं. "लय?" सांगितलं. "कोमल आणि तीव्र?" तेही सांगितलं. मास्तरांनी चष्मा पुन्हा चढवला आणि विचारलं, "तुमची पट्टी कुठली?"

चोपन्नाव्या वर्षी बाईंना पहिल्यांदा कोणी हे विचारलं. प्रत्येकाच्या आवाजाला आपली अशी एक जागा असते, तिथून बाकीचे सगळे सूर मोजायचे, हे त्यांनी कालच तपासलं होतं. त्यातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला होता. पण ती जागा आपल्यालाही असेल हे मनात आलं नव्हतं.

"या इकडे," मास्तर म्हणाले आणि पेटीवर एक सूर धरला. "नुसतं आ म्हणा."

पहिला आवाज निघाला तो दार कुरकुरावं तसा. मास्तर हसले नाहीत. सूर बदलला, खाली आणला, आणखी खाली. "आता." बाईंनी पुन्हा आ केला, आणि कुठेतरी तो आवाज पेटीच्या आवाजात जाऊन बसला. दोन आवाज आहेत हे कळेना. छातीच्या हाडात थरथर झाली, तळपायातून नव्हे, आतून.

"पांढरी पाच," मास्तर म्हणाले. "खालच्या अंगाचा आवाज आहे. चांगला आहे. इतकी वर्षं कुठे ठेवला होतात?"

बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि घाईघाईनं बाड पिशवीत भरू लागल्या.

त्यानंतर दर बुधवारी काम सुटल्यावर त्या तिकडे जाऊ लागल्या. कारण मुद्रितांचं, पण मुद्रितं दहा मिनिटांत संपायची. मास्तरांची शिस्त कडक. एका सुराला एक महिना. "पुस्तकात पुढचं वाचलंय म्हणून पुढे पळायचं नाही. ऐकल्याशिवाय सूर घ्यायचा नाही. तुम्हाला शब्द आधी मिळाले, हीच अडचण आहे." बाई मान डोलवायच्या. घरी भांडी घासताना सा लावायच्या. नवरा वर्तमानपत्राआडून म्हणायचा, "सापडला का तुझा सा? नाहीतर पोलिसांत वर्दी देतो." पण त्या गप्प बसल्या की तोच विचारायचा, "आज नाही का?"

एका रविवारी त्यांनी ताईला फोन केला. ताई दूर, मुलाकडे. आजवर बोलणं व्हायचं ते गुडघेदुखीचं आणि नातवंडांचं.

"ताई, तुझी पट्टी कुठली होती गं?"

"कसली पट्टी?"

"गाण्याची. तू क्लासला जायचीस तेव्हा."

ताई मोठ्यानं हसली. "अगं, आठवतंय कोणाला! मला मेला त्या क्लासचा इतका कंटाळा होता. मागच्या रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवायचे मी. मला पोहायला शिकायचं होतं. पण बाबांना सांगायची छाती कोणाची होती?"

"मी बाहेर जिन्यावर बसून ऐकायचे," बाई म्हणाल्या. ताईचं हसू विरलं. "तुला जायचं होतं होय गं? बोलली का नाहीस कधी?"

"तू तरी कुठे बोललीस," बाई म्हणाल्या. फोन ठेवताना ताई म्हणाली, "आई बरी होऊन मला आणायला यावी असं मला रोज वाटायचं. यायचीस मात्र तू. आणि तुला बघून मला जरा रागच यायचा." हे सांगायला तिला पंचेचाळीस वर्षं लागली होती. बाईंना तिचा राग आला नाही. त्या दिवशी भांडी घासून झाली तरी त्या नळ सोडून तशाच उभ्या होत्या.

सा, रे, ग, म, प. पाच सूर झाले आणि पुस्तक छापून आलं. शेवटच्या पानावर मास्तरांनी त्यांचे आभार मानले होते, आणि ते आभार त्यांनाच तपासावे लागले. पुढच्याच महिन्यात मुलगा येऊन मास्तरांना आपल्या गावी घेऊन गेला. वयच तसं होतं. पेटी गाडीत मावेना म्हणून शाळेला दिली.

फोनवरून शिकवीन, असं जाताना मास्तर म्हणाले होते, आणि त्यांनी शब्द पाळला. रविवारी दुपारी फोन यायचा. "लावा सा." बाई लावायच्या. "उतरलाय. वर घ्या. हं." फोनमधून सूर पत्र्याच्या डब्यातून यावा तसा यायचा, तरी महिनाभरानं ध बसला.

मग एका रविवारी बाईंनी गाऊन दाखवलं आणि पलीकडून आवाजच आला नाही.

"मास्तर?"

"गाऊन झालं का तुमचं?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज थकला होता. "बाई, खरं सांगतो. मला आता नीट ऐकू येत नाही. गेले दोन रविवार मी अंदाजानं वाहवा म्हणालो. हे बरं नव्हे. तुम्ही चुकलात तर मला कळणार नाही. आपण थांबू."

बाईंनी कान फोनला घट्ट दाबला. "पण नी राहिला, मास्तर."

"राहिला," मास्तर म्हणाले. त्यांना ऐकू जावं म्हणून बाईंना ते वाक्य दोनदा ओरडावं लागलं होतं. "सांगून ठेवतो. नी हा वरच्या सा च्या अगदी दाराशी उभा असतो. त्याच्यावर थांबलं की पुढे जावंसं वाटतं, जीव ओढतो. ती ओढ लागली तर समजा नी बरोबर लागला. त्याला मी कशाला हवा?"

फोन नंतर एकदा-दोनदा सुनेचा आला, खुशालीचा. मास्तरांचा आला नाही.

बाई अजून माळ्यावर बसतात. सध्या गणिताचं पुस्तक चालू आहे. दुपारी मशीनवाला जेवायला जातो, मशीन थांबतं, फरशी शांत होते. तेव्हा त्या पेन खाली ठेवतात, सा लावतात आणि एकेक पायरी चढत जातात. ध पर्यंत ठाम. मग नी. बरोबर की उतरलेला, सांगणारं कोणी नाही. त्या तो जितका वेळ श्वास पुरेल तितका वेळ धरून ठेवतात. वरचा सा त्यांना घेता येईल, कदाचित घशात तयारही असेल. पण त्या घेत नाहीत. श्वास संपतो, खिडकीबाहेर कोणीतरी सायकल लावतं, आणि त्या पुन्हा लाल पेन उचलतात.